संस्थेचा पैसा, संस्थेचे खाते

(विश्वस्त व कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात बँकेच्या खात्याविषयी व्याख्यान, हे ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल. अशा प्रसंगी दानशूरांचे स्मरण व्हावे, संस्थापकांच्या आठवणी निघाव्यात, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु ज्या दानशूरांचे स्मरण करायचे, त्यांनी दिलेला पैसा कोठे ठेवला गेला, कोणाच्या नावाने ठेवला गेला आणि त्यांच्या हेतूसाठीच खर्च झाला का, हा प्रश्न त्या स्मरणाहून वेगळा काढता येत नाही. पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेचे कपाट उघडावे. खालच्या कप्प्यात जुन्या पासबुकांची चळत सापडतेच. त्या पासबुकांवर नाव कोणाचे छापले आहे, एवढे पाहिले तरी त्या संस्थेचा अर्धा इतिहास कळतो.

एका मध्यम आकाराच्या गावातील मंदिराच्या न्यासाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. न्यासाची नोंदणी व्हायची होती, जीर्णोद्धाराच्या देणग्या मात्र येऊ लागल्या होत्या. रोख रक्कम घरात ठेवणे बरे नव्हे म्हणून तिघा ज्येष्ठांनी आपल्या तिघांच्या नावाने एक संयुक्त बचत खाते उघडले. हेतू निर्मळ होता. पुढे नोंदणी झाली, प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागले, पण खाते बदलायचे राहून गेले. चालले आहे ना, मग कशाला हात लावायचा, असे म्हणत वीस-पंचवीस वर्षे गेली. तिघांपैकी दोघांचे देहावसान झाले. तिसरे वृद्ध गृहस्थ सचोटीने खाते सांभाळत राहिले. एके दिवशी तेही गेले, तेव्हा खात्यात शिखराच्या दुरुस्तीसाठी जमवलेले ८ लाख रुपये होते.

बँकेच्या दृष्टीने ते ८ लाख एका दिवंगत व्यक्तीचे होते. मंदिराचा त्यात उल्लेखच नव्हता. नामनिर्देशन थोरल्या मुलाच्या नावे होते. थोरला म्हणाला, पैसे मंदिराचे आहेत, देऊन टाकू. धाकट्याने विचारले, वडिलांचे स्वतःचे काहीच त्यात नव्हते, हे कशावरून? तोही अप्रामाणिक नव्हता. वडिलांनी एक-दोनदा आपल्या शेतमालाची रक्कम त्याच खात्यात भरल्याचे त्याला आठवत होते, आणि पासबुकात तशा नोंदी होत्याही. त्याने बँकेला हरकतीचे पत्र दिले. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांच्या वतीने, हे बँकेने सांगितले. वाद असेल तर न्यायालयाचा आदेश आणावा, असेही सांगितले. दोन पावसाळे शिखर गळत राहिले. या साऱ्या प्रकरणात लबाडी कोणीच केली नाही. संस्थेचा पैसा संस्थेच्या नावाने नव्हता, एवढाच काय तो दोष. आणि महाराष्ट्रातील गावोगावच्या संस्थांना ही कथा अनोळखी वाटणार नाही.

म्हणून खाते उघडण्याचा विचार करताना पहिला प्रश्न कोणत्या बँकेत हा नसतो. कोणाचे, हा असतो. खाते न्यासाचे असावे, न्यासाच्या नोंदणीकृत नावाने असावे आणि न्यासाच्या स्वतःच्या पॅन क्रमांकाला जोडलेले असावे. एखाद्या विश्वस्ताचा पॅन दिला, तर व्याज त्याच्या उत्पन्नात दिसते आणि प्राप्तिकर विभागाचे पत्र त्याच्या घरी येते. नावाच्या बाबतीत तर अक्षराअक्षराची काळजी घ्यावी लागते. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘मंदिर न्यास’, पॅन कार्डावर ‘टेंपल ट्रस्ट’ आणि पावतीपुस्तकावर ‘मंदिर समिती’ असे तीन अवतार असतील, तर दात्याने पावतीवरचे नाव पाहून काढलेला धनादेश बँक परत पाठवू शकते. पावतीपुस्तके पुन्हा छापण्याचा खर्च थोडा असतो, आणि खाते उघडण्यापूर्वीच तो केलेला बरा.

नाव ठरले की बँकेची निवड. येथे कायद्याने विश्वस्तांना मोकळे रान दिलेले नाही. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, जो पूर्वी मुंबईच्या नावाने ओळखला जाई आणि आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याचे कलम ३५ या विषयावर स्पष्ट आहे. जो पैसा न्यासाच्या कामासाठी लगेच लागणार नाही, तो अनुसूचित बँकेत, टपाल खात्याच्या बचत बँकेत किंवा राज्य शासनाने त्यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत ठेवावा, अथवा सार्वजनिक रोख्यांत गुंतवावा. याहून वेगळे काही करायचे तर धर्मादाय आयुक्तांची अनुमती लागते. अनुसूचित बँक म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील दुसऱ्या अनुसूचीत जिचे नाव आहे ती बँक.

या यादीत पतसंस्थेचे नाव नाही, हे पुन्हा एकदा सांगितले पाहिजे, कारण चूक नेमकी तेथेच होते. सहकारी पतसंस्थांनी महाराष्ट्रात मोठे काम केले आहे. लहान व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला जेथे बँक दारात उभे करीत नव्हती तेथे पतसंस्थेने कर्ज दिले, हे कोणीही नाकारू नये. परंतु पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यातील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. गावातील पतसंस्थेचे अध्यक्ष बहुधा न्यासाचेही विश्वस्त असतात, व्याज बँकेपेक्षा एक-दीड टक्का अधिक मिळते, आणि घरचीच संस्था आहे या भावनेने न्यासाची मुदत ठेव तेथे जाते. लेखापरीक्षक अहवालात शेरा मारतो, सभेत तो वाचला जातो, आणि पुढच्या वर्षी ठेवीचे नूतनीकरण होते. एखाद्या विश्वस्ताने स्वतःचे पैसे पतसंस्थेत ठेवावेत की नाही, हा त्याचा खासगी प्रश्न आहे. दात्याचे पैसे तेथे ठेवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. जो विश्वस्त एखाद्या बँकेचा संचालक आहे, त्यानेही त्या बँकेच्या निवडीची चर्चा चालू असताना मत देऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी. यात अविश्वास नाही. उद्या कोणी बोट दाखवले तर त्याच विश्वस्ताचे रक्षण या नोंदीने होते.

आता असे समजावे की कलम ३५ पाळले, अनुसूचित बँक निवडली. तेवढ्याने काळजी मिटते का? मिटत नाही, हे २०१९ साली मुंबईने पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक ही बहुराज्यीय अनुसूचित सहकारी बँक होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले तेव्हा प्रारंभी प्रत्येक खातेदाराला केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढून जून २०२० मध्ये १ लाखावर गेली. अनेक गृहनिर्माण संस्थांची खाती तेथे होती. पाण्याचे आणि विजेचे देयक कसे भरावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाच्या योजनेत एक तरतूद अशी होती, की संस्थात्मक ठेवीदारांच्या विमामर्यादेबाहेरील रकमेपैकी ८० टक्के रक्कम वार्षिक १ टक्का लाभांशाच्या बेमुदत अग्रहक्क भागांत रूपांतरित होईल आणि उरलेल्या २० टक्के रकमेचे वॉरंट मिळतील. किरकोळ ठेवीदारांना मोठ्या रकमा १० वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी मिळणार होत्या. ठेव पावतीवर ‘मागणी करताच देय’ या अर्थाचे शब्द वाचून निश्चिंत राहिलेल्या संस्थांना हे कळले तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना कोषाध्यक्षांनी करावी.

खासगी बँका यातून सुटल्या, असेही नाही. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि ५० हजारांची मर्यादा लागली, तेव्हा पुरीच्या श्रीजगन्नाथ मंदिराच्या ५०० कोटींहून अधिक रकमेच्या ठेवी तेथे होत्या. एवढ्या मोठ्या देवस्थानाचा पैसा एका बँकेत का ठेवला, यावर ओडिशात मोठे वादळ उठले. ते निर्बंध १८ मार्च रोजी उठले आणि रक्कम सुखरूप बाहेर आली, म्हणून ते प्रकरण लोक विसरले. विश्वस्तांनी विसरू नये.

ठेव विम्याचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. १९६० मध्ये केरळातील पालाई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदार हवालदिल झाले, आणि त्यानंतर १९६१ चा ठेव विमा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. ती वाढत वाढत १९९३ मध्ये १ लाखावर आली, तेथे तब्बल सत्तावीस वर्षे थांबली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध येताच ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम देण्याची तरतूदही झाली आहे. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

पण या ५ लाखांचा हिशेब कसा करतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ही मर्यादा प्रत्येक ठेव पावतीला नाही, प्रत्येक शाखेलाही नाही. एका ठेवीदाराची एका बँकेतील सर्व शाखांमधील सर्व रक्कम, बचत, चालू, मुदत, आवर्ती अशी सारी, व्याजासह एकत्र धरली जाते आणि त्या बेरजेला ५ लाखांचे छत्र असते. एखाद्या न्यासाने २४ लाख रुपये एकाच बँकेच्या पाच शाखांत पाच पावत्या करून ठेवले आणि जोखीम विभागली असे समाधान मानले, तर ते समाधान कागदावरचेही नाही. विमा ५ लाखांचाच, उरलेले १९ लाख उघड्यावर. याच १९ लाखांवर एक टक्का अधिक व्याजाने वर्षाला १९ हजार रुपये जास्त मिळतात. १९ हजारांसाठी १९ लाख उघड्यावर ठेवायचे की नाही, हा प्रश्न विश्वस्तांच्या सभेत या आकड्यांसह मांडला गेला पाहिजे. व्याजदरांचे तक्ते सभेत फिरतात, हा दुसरा आकडा मात्र क्वचितच कोणी फळ्यावर लिहितो. दिलासा एवढाच, की न्यासाचे खाते विश्वस्तांच्या वैयक्तिक खात्यांत मिळवले जात नाही. न्यासाचा ठेवीदार म्हणून अधिकार वेगळा धरला जातो. अर्थात खाते न्यासाच्या नावाने असेल तर.

मग करावे काय? लहान न्यासाने, ज्याची एकूण शिल्लक चार-पाच लाखांच्या आत आहे, घराजवळची, कामाला सोयीची आणि ठेव विमा असलेली कोणतीही चांगली बँक निवडावी. त्याने फार डोके शिणवू नये. ज्याचा कायम निधी मोठा आहे त्याने तो दोन-तीन बँकांत विभागावा आणि त्यातील मुख्य भाग राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेने देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी विशेष महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या बँकांत ठेवावा. स्टेट बँक, आयसीआयसीआय आणि एचडीएफसी या तीन बँकांची नावे त्या यादीत आहेत. सहकारी बँकेशी वर्षानुवर्षांचा स्नेह असेल तर व्यवहाराचे खाते तेथे जरूर राहू द्यावे. शाखेतील माणसे ओळखतात, सणाच्या दिवशी सुट्ट्या नाण्यांची पोती मोजून घेतात, याचे मोल आहेच. दानपेटीची चिल्लर घेण्यास मोठ्या बँका किती नाखूष असतात, हे कोषाध्यक्षांना सांगायला नको. परंतु त्या बँकेचा वार्षिक अहवाल मागवून थकीत कर्जाचे प्रमाण पाहण्याची सवय लावावी, आणि तेथील शिल्लक विमामर्यादेच्या आसपास राखावी.

बचत खाते की चालू खाते, हा प्रश्न पुढे येतो. सर्वच संस्थांना बचत खाते मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ज्या संस्थेचे संपूर्ण उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे अशा संस्थेला, तसेच संस्था नोंदणी कायद्याखालील संस्थेला ते उघडता येते. म्हणून शाखाधिकारी प्राप्तिकर नोंदणीचे प्रमाणपत्र मागतात. तो त्यांचा हट्ट नसतो. चालू खात्यावर व्याज नाही, त्यामुळे पात्र न्यासाने बचत खातेच मागावे. जुन्या कोषाध्यक्षांना आठवत असेल, पूर्वी बचत खात्यात महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून व्याज दिले जाई, म्हणून १० तारखेच्या आत भरणा करण्यासाठी धावपळ असे. १ एप्रिल २०१० पासून दररोजच्या शिल्लकेवर व्याज मोजले जाते आणि ती धावपळ संपली. २५ ऑक्टोबर २०११ पासून बचतीचा व्याजदर ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली; दरातील फरक तेव्हापासूनचा आहे.

यानंतरचा विषय या समाजाला विशेष जवळचा आहे. जैन संस्थांच्या वहीत खाते हा शब्द बँकेपेक्षा फार जुना. देवद्रव्य, साधारण, जीवदया, ज्ञान, वैयावच्च, अशी खाती वहीत वेगवेगळी लिहिली जातात आणि एकाचा पैसा दुसऱ्याकडे वळवायचा नाही, विशेषतः देवद्रव्याला हात लावायचा नाही, ही मर्यादा परंपरेने घातलेली आहे. बँकेत मात्र बहुधा एकच खाते असते. परिणाम काय होतो ते पाहावे. वर्षअखेरीस बँकेची शिल्लक ६ लाख ४० हजार दिसते, सारे प्रसन्न असतात. वही उलगडली तर देवद्रव्य ७ लाख १० हजार आणि साधारण खाते उणे ७० हजार निघते. म्हणजे कर्मचाऱ्यांचा पगार, वीज आणि पाहुण्यांचा चहा यांसाठी देवद्रव्यातून ७० हजार उचलले गेले. कोणी ठराव केला नाही, कोणाला कळलेही नाही. बँकेने धनादेश वटवला, कारण तिच्यापाशी पैसे होते. श्रद्धेने ज्याचे पातक मानले ते केवळ हिशेबाच्या सोयीने घडले.

यावर उपाय म्हणून प्रत्येक निधीचे वेगळे बँक खाते उघडावे, असे काही जण सुचवतात. तो अतिरेक ठरतो. सात-आठ खाती, सात-आठ धनादेशपुस्तके, प्रत्येकात किमान शिल्लक, आणि त्यातील तीन खाती दोन वर्षे व्यवहाराविना राहून निष्क्रिय. दोन खाती पुरेशी आहेत. एक देवद्रव्याचे, ज्यातून विश्वस्तांच्या ठरावाशिवाय धनादेश निघत नाही. दुसरे रोजच्या कामाचे, ज्यात बाकीचे निधी वहीतून वेगळे राखता येतात. रोजच्या खात्यातील पैसा संपला की तो संपलेला दिसतो, आणि मग समाजापुढे साधारण खात्यासाठी आवाहन करावे लागते. ते अवघड वाटते खरे. मूर्तीच्या बोलीला उत्साहाने हात वर होतात, विजेच्या देयकासाठी होत नाहीत. पण ती उणीव उघड दिसणे हेच तिच्यावरचे औषध आहे.

परदेशस्थ बांधवांच्या देणगीविषयी एकच सूचना. परदेशी स्रोतातून येणारी देणगी विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय स्वीकारता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम नवी दिल्लीतील संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच यावी लागते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी बांधवाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी यात मोडत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याची मोडते. म्हणून देणगी स्वीकारण्यापूर्वी दात्याचे नागरिकत्व विचारण्यात संकोच करू नये.

आता प्रत्यक्ष खाते उघडण्याचे काम. न्यासपत्र किंवा घटनेची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय कार्यालयाकडील परिशिष्ट १ चा उतारा, न्यासाचे पॅन कार्ड, प्राप्तिकर नोंदणीचे प्रमाणपत्र, सर्व विश्वस्तांची नावे व पत्ते, सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे व छायाचित्रे आणि खाते उघडण्याचा ठराव, एवढी कागदपत्रे घेऊन गेले म्हणजे सहसा दुसरी फेरी पडत नाही. धर्मादाय संस्थांची नोंद नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या संकेतस्थळावर आहे का, हेही अलीकडे बँका पाहतात.

फेऱ्या पडतात त्या परिशिष्ट १ मुळे. निवडणूक होऊन नवे मंडळ आले, हारतुरे झाले, पण बदल अर्ज, ज्याला सारे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो दाखल झाला नाही किंवा दाखल होऊन प्रलंबित राहिला. कलम २२ नुसार तो ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो. बँकेपुढे जो उतारा येतो त्यावर जुनीच नावे असतात, त्यातील काही दिवंगत. आणि बँक मंजुरीचा आदेश मागते. मग बँकेच्या नावाने बोटे मोडली जातात. वास्तविक शाखाधिकाऱ्याने समोर येणाऱ्या कोणत्याही चार गृहस्थांना विश्वस्त मानून न्यासाचा पैसा त्यांच्या हाती दिला असता, तर तो अधिक चिंतेचा विषय ठरला असता.

ठरावाची भाषा मोघम नसावी. कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत, कोणत्या नावाने, कोणत्या प्रकारचे खाते, आणि ते कोण चालवणार, हे चारही त्यात यावे. सह्यांची पद्धत ‘अध्यक्ष, कार्यवाह व कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने’ अशी ठेवावी. एकाच्या सहीने चालणारे खाते संस्थेचे राहत नाही. तिघांच्याही सह्या सक्तीच्या केल्या तर एक जण आजारी पडताच काम थांबते. आणि दोन सह्यांची पद्धत मोडते कोठे, तर कोषाध्यक्ष सम्मेद शिखरजींच्या यात्रेला निघतात तेव्हा. पंधरा दिवस अडचण नको म्हणून ते दहा कोऱ्या धनादेशांवर सही करून पुस्तक कार्यवाहांच्या हाती देतात. त्या क्षणी दोन सह्यांचे खाते एका सहीचे होते, आणि त्याचा पुरावा दहा पानांवर राहतो. तिसरा सही करणारा असतो तो याच पंधरा दिवसांसाठी.

संगणकावरून व्यवहार करताना हाच नियम वेगळ्या रूपाने लागू करावा. एकाने रक्कम भरावी, दुसऱ्याने आपल्या मोबाइलवरून मंजुरी द्यावी, अशी सोय बँका संस्थांना देतात. ती अर्जात मागून घ्यावी लागते. कार्यालयातील लेखनिकाला परवलीचा शब्द सांगून ठेवणे हे कोऱ्या धनादेशाचेच भावंड. दानपेटीजवळ चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याशी जोडला आहे, हेही एकदा स्वतः एक रुपया पाठवून पाहावे. उत्सवाच्या घाईत एखाद्या कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्याचा कोड लावला आणि तो तसाच राहिला, असे सहज घडू शकते. त्याचा हेतू कितीही चांगला असो, तो पैसा बँकेच्या लेखी त्याचाच असतो, आणि तिघा ज्येष्ठांच्या संयुक्त खात्याची कथा नव्या साधनाने पुन्हा सुरू होते. मोबाइलवरून येणाऱ्या देणगीचे स्वागतच करावे. २०१७-१८ पासून २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही, त्यामुळे दातेही बँकेमार्फत देणे पसंत करतात.

न्यासाच्या खात्याला नामनिर्देशन नसते. ती सोय व्यक्तींच्या खात्यांसाठी आहे, आणि संस्था मृत्यू पावत नाही. सही करणारा विश्वस्त निवृत्त झाला किंवा दिवंगत झाला, तर त्याच आठवड्यात ठरावाची प्रत बँकेत द्यावी.

शेवटचे काम जुन्या खात्यांचे. नवे खाते सुरू झाले की दात्यांना कळवून दोन-तीन महिने जुने चालू ठेवावे आणि मग बंद करावे. उरलेले धनादेश बँकेत परत करून पोच घ्यावी. ज्या खात्यांचा विसर पडला आहे त्यांचा शोध याच निमित्ताने घ्यावा. दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षांनंतर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. हा निधी २०१४ पासून आहे. रक्कम तेथे गेली म्हणजे बुडाली असे नाही. कागदपत्रे दाखवून ती मूळ बँकेमार्फत परत मागता येते. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोध घेता येतो. कपाटाच्या खालच्या कप्प्यातील पासबुके त्यासाठी बाहेर काढावीत, त्यांवरील नावे वाचावीत, बँकेचे विलीनीकरण झाले असेल तर कोणत्या बँकेत ते पाहावे. बंद केलेल्या खात्याच्या पासबुकावर ‘खाते बंद’ असा शिक्का मारून घ्यावा आणि ते दप्तरातच ठेवावे. लेखापरीक्षक पुढच्या वर्षी ते मागतो.